करणारा आणि करविणारा : कंपनी, संचालक आणि स्वामित्वहक्काचा भंग

१

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि १९६९ मध्ये मिशेल फुको यांनी पॅरिसमधील एका व्याख्यानात 'लेखक म्हणजे काय?' हा प्रश्न उपस्थित केला. मराठी समीक्षेत या दोन निबंधांचा उल्लेख बहुधा एका दमात होतो, आणि दोहोंचे तात्पर्य एकच आहे असे गृहीत धरून पुढे जाण्याचा प्रघात आहे. फुको यांच्या प्रतिपादनातील एक ऐतिहासिक मुद्दा त्यामुळे काहीसा झाकोळून गेला. संहितेला लेखकाचे नाव चिकटले ते त्याचा गौरव करण्यासाठी नव्हे, तर त्याला शिक्षा करता यावी म्हणून, असे त्यांचे म्हणणे आहे. संहिता आधी धोक्याची कृती होती. ती मालमत्ता झाली ती नंतर. म्हणजे लेखकत्वाच्या संकल्पनेला जन्मापासूनच दोन बाजू आहेत : एक स्वामित्वाची आणि दुसरी अपराधाची. 'हे माझे आहे' आणि 'हे मी केले आहे' ही दोन विधाने एकाच नावाने केली जातात.

स्वामित्वाच्या बाजूचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. अपराधाच्या बाजूकडे पाहण्यासाठी मी येथे कायद्याच्या इतिहासातील एक आडवळणाचा प्रश्न निवडला आहे. एखाद्या कंपनीने दुसऱ्याचे पुस्तक विनापरवाना छापले, किंवा दुसऱ्याची गीतरचना वाजवली, तर ते कृत्य कोणाचे? कंपनीला हात नाहीत, कान नाहीत. मग तिच्या संचालकाला व्यक्तिशः जबाबदार धरता येते काय? प्रश्न वकिलांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी कर्तृत्वाचा प्रश्न आहे आणि तो समीक्षेच्या प्रांतातला आहे. इंग्रजीतील 'डायरेक्टर' या एकाच शब्दाला मराठीत दोन पर्याय आहेत : नाटक-चित्रपटाचा तो दिग्दर्शक आणि कंपनीचा तो संचालक. पहिल्याचे नाव आपण कलाकृतीवर आवर्जून शोधतो. दुसऱ्याचे नाव कोठे असते याची चौकशी सहसा करीत नाही. कायद्याला मात्र गेली शंभर वर्षे ती चौकशी करावी लागली आहे.

२

स्वामित्वहक्काच्या इतिहासात कंपनी लेखकाच्या आधी येते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये १५५७ मध्ये राणी मेरीच्या सनदेने लंडनच्या 'स्टेशनर्स कंपनी'ला छपाईच्या धंद्याचा जवळजवळ एकाधिकार मिळाला. ग्रंथाची नोंद कंपनीच्या वहीत सभासदाच्या नावे होई, आणि ग्रंथ छापण्याचा अधिकार त्या सभासदाचा ठरे. लेखकाला त्या व्यवस्थेत हस्तलिखित विकण्यापलीकडे फारसे स्थान नव्हते. राजसत्तेलाही ही सोय हवीच होती, कारण आक्षेपार्ह मजकुराचा माग काढायला नोंदवही उपयोगी पडे. १७१० च्या कायद्याने हक्काचा मूळ धारक म्हणून लेखकाचे नाव प्रथमच घेतले आणि हक्काला वर्षांची मुदत घातली. तो हक्क चिरकालिक नाही यावर १७७४ मध्ये डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने शिक्कामोर्तब केले. लेखक अशा रीतीने कंपनीच्या वहीतून बाहेर पडून कायद्यात आला.

पुढच्या शतकात कंपनी वेगळ्या रूपाने परतली. १८४४ च्या कायद्याने केवळ नोंदणी करून कंपनी स्थापन करणे शक्य झाले आणि १८५५ मध्ये भागधारकांची जबाबदारी मर्यादित करता येऊ लागली. या प्रवासाची परिणती सॉलोमन खटल्यात झाली. आरन सॉलोमन हे लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील बुटांचे कारखानदार. १८९२ मध्ये त्यांनी आपला चालता धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. कंपनीचे सभासद सात : ते स्वतः, पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे. २०,००७ भागांपैकी २०,००१ सॉलोमन यांचे होते. कंपनी बुडाली तेव्हा परिसमापकाचे म्हणणे असे, की ही कंपनी म्हणजे सॉलोमन यांचेच दुसरे नाव आहे, तेव्हा तिची देणी त्यांनीच फेडावीत. १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने ते अमान्य केले. कायद्याने स्थापन झालेली कंपनी ही तिच्या सभासदांहून भिन्न अशी स्वतंत्र व्यक्ती आहे, हा सिद्धान्त तेथून पक्का झाला.

हा सिद्धान्त आपल्या सांस्कृतिक अनुभवाला किती अपरिचित होता, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासावरून दिसते. नाटक मंडळीला आपण 'कंपनी' म्हणत आलो. पण ती मालकाच्या नावाने ओळखली जाई, आणि देणेकरीही मालकाच्याच दारात येत. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीवरील कर्जाचा भार पुढे बालगंधर्वांनी स्वतःच्या शिरावर घेतला, ही गोष्ट आपण त्यांच्या थोरवीचे उदाहरण म्हणून सांगतो. सॉलोमन यांच्या सिद्धान्ताच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला तिच्यात भागीदारी आणि मर्यादित कंपनी यांतला फरक दिसेल. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी हीदेखील नावात 'कंपनी' असली तरी पाच जणांची भागीदारी होती. मराठी माणसाच्या लेखी कंपनीला चेहरा होता. विलायती कायद्याने निर्माण केलेल्या कंपनीचे वैशिष्ट्य नेमके हे, की तिला चेहरा असण्याची गरज नव्हती.

३

आता दोन कल्पित व्यक्ती समोरासमोर आल्या : एकीकडे ज्याच्या नावे हक्क आहे तो लेखक, दुसरीकडे जिच्या नावे भंग झाला आहे ती कंपनी. १९११ च्या ब्रिटिश कायद्याने या भेटीला एक नवा शब्द पुरवला. त्या कायद्यात स्वामित्वहक्काच्या व्याख्येतच कृती करण्याच्या हक्काबरोबर ती करण्यास 'ऑथराइज' करण्याचा, म्हणजे अधिकृत परवानगी देण्याचा हक्कही समाविष्ट केला गेला. या क्रियापदाच्या पोटात 'ऑथर' दडलेला आहे. जो परवानगी देतो तो त्या कृतीचा एका अर्थी लेखक होतो. आणि जो अधिकार नसताना परवानगी देतो, तो भंगाचा लेखक ठरतो.

मराठी वाचकाला हे समजून घ्यायला व्युत्पत्तीच्या वाटेने जाण्याची गरज नाही. आपल्या व्याकरणातच 'करणे' आणि 'करविणे' असा भेद आहे. पाणिनीने कर्त्याची ओळख स्वातंत्र्याने करून दिली आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्तेपण दिले. शिवाय त्याला 'हेतु' ही आणखी एक संज्ञा दिली. प्रयोजक कर्ता हा दुय्यम कर्ता नव्हे, तो दुहेरी संज्ञेचा कर्ता आहे. योगसूत्रांनी हिंसादी दोषांचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानले : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि होऊ दिलेले. संचालकाच्या जबाबदारीचा आधुनिक इतिहास म्हणजे या तीन पायऱ्यांपैकी नेमक्या कोणत्या पायरीवर थांबायचे याविषयीचा वाद आहे, असे मला वाटते.

त्या वादातील पहिली ठळक नोंद १९२१ ची आहे. इंग्लंडमधील रेनम येथे पहिल्या महायुद्धाच्या काळात स्फोटक द्रव्याच्या कारखान्यात स्फोट होऊन शेजारच्या कारखान्याचे नुकसान झाले. त्या खटल्यात लॉर्ड बकमास्टर यांनी तत्त्व मांडले ते असे, की गैरकृत्य करण्यासाठीच कंपनी स्थापन झाली असेल, किंवा स्थापन झाल्यावर तिच्या सूत्रधारांनी ते कृत्य करण्याचा स्पष्ट आदेश दिला असेल, तर कंपनीबरोबर त्या व्यक्तीही जबाबदार ठरतात. येथे 'कारित' मान्य झाले.

स्वामित्वहक्काच्या क्षेत्रात हाच प्रश्न १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध सिरिल थिएट्रिकल सिंडिकेट या निर्णयात आला. नाट्यगृहातील वादकवृंदाने परवान्याशिवाय काही रचना वाजवल्या. सोसायटीने कंपनीबरोबर तिच्या व्यवस्थापकीय संचालकावरही दावा लावला. अपील न्यायालयाने संचालकाला मुक्त केले. नोकरांनी केलेल्या कृत्याबद्दल संचालक केवळ संचालक आहे म्हणून जबाबदार नसतो. त्याने ते कृत्य करण्याचा हुकूम दिला असला पाहिजे किंवा ते घडवून आणले असले पाहिजे, हे न्यायमूर्ती ॲटकिन यांचे सूत्र पुढे प्रमाण मानले गेले. मात्र त्याच निकालात न्यायमूर्ती बँक्स यांनी एक दार किलकिले ठेवले : बेफिकिरीची मात्रा इतकी वाढू शकते, की तीमधून परवानगीचे अनुमान काढता येईल. संचालकाचे मौन ही संमती आहे काय, हा प्रश्न त्या वाक्याने कायमचा उभा राहिला. मौनाचा अर्थ लावणे हे एरवी समीक्षकाचे काम. येथे ते न्यायाधीशाला करावे लागले.

४

यानंतरच्या शंभर वर्षांत वादाचा केंद्रबिंदू हळूहळू कृतीकडून ज्ञानाकडे सरकला. स्वामित्वहक्काचा भंग हे दिवाणी कायद्यात कठोर जबाबदारीचे अपकृत्य आहे. नक्कल करणाऱ्याला आपण दुसऱ्याचा हक्क मोडतो आहोत याची कल्पना नसली तरी भंग होतोच. मग ती नक्कल दुसऱ्याकडून करवून घेणाऱ्या संचालकाला ज्ञान असण्याची अट का असावी? १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इव्हान्स विरुद्ध स्प्राइटब्रँड या निर्णयात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने असे मानले, की मूळ अपकृत्यालाच ज्ञानाची गरज नसेल, तर संचालकाच्या बाबतीतही आपण जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने वागलो हे सिद्ध होण्याची अट सरसकट घालता येणार नाही. तर्क सरळ आहे : करणाऱ्याला जे माफ नाही ते करविणाऱ्याला का माफ असावे?

२००१ च्या एमसीए रेकॉर्ड्‌स विरुद्ध चार्ली रेकॉर्ड्‌स या निर्णयात वाद ध्वनिमुद्रिकांचा होता. अमेरिकेतील 'चेस' कंपनीच्या जुन्या मुद्रणांवरील हक्क हा त्याचा विषय. न्यायमूर्ती चॅडविक यांनी येथे एक उपयुक्त रेषा आखली. संचालक मंडळाच्या सभेत मतदान करणे किंवा भागधारक म्हणून मत देणे एवढीच आपली घटनात्मक भूमिका बजावणारी व्यक्ती कंपनीच्या कृत्याची वाटेकरी होत नाही. पण त्या चौकटीबाहेर जाऊन जी व्यक्ती कृत्य घडवून आणते, ती केवळ संचालकपदाच्या आडोशाने सुटू शकत नाही. त्या खटल्यातील नियंत्रक व्यक्ती जबाबदार ठरली. म्हणजे एकच माणूस सभागृहात कंपनीचा अवयव आहे आणि सभागृहाबाहेर स्वतंत्र कर्ता आहे. निवेदक आणि लेखक यांत भेद करण्याची सवय असलेल्या समीक्षकाला हे द्वैत नवे वाटू नये.

२०२४ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने लाइफस्टाइल इक्विटीज विरुद्ध अहमद या खटल्यात या साऱ्याचा फेरविचार केला. विषय व्यापारचिन्हाचा होता, तरी युक्तिवादाचा आवाका स्वामित्वहक्कापर्यंत पोचतो. न्यायमूर्ती लेगॅट यांच्या निकालपत्रातील दोन निष्कर्ष येथे महत्त्वाचे. पहिला : संचालक असणे ही ढाल नाही, कंपनीसाठी काम करीत होतो एवढ्यावर कोणी सुटत नाही. दुसरा : मूळ अपकृत्य कठोर जबाबदारीचे असले तरी, ते दुसऱ्याकडून करवून घेणाऱ्याला साहाय्यक म्हणून जबाबदार धरायचे तर त्या कृत्याला गैर ठरविणाऱ्या आवश्यक वस्तुस्थितीचे ज्ञान त्याला असले पाहिजे. त्या खटल्यातील संचालकांना ते ज्ञान असल्याचे सिद्ध झाले नव्हते, म्हणून ते जबाबदार ठरले नाहीत. 'करणाऱ्याला माफ नाही, मग करविणाऱ्याला का' या प्रश्नाला न्यायालयाचे उत्तर असे, की दुसऱ्याच्या कृत्याचे कर्तेपण माणसावर चढते ते त्याच्या मनाच्या द्वाराने; मन वगळले तर केवळ पद उरते.

५

भारतीय कायद्याची वाट निराळी आहे, कारण येथे प्रश्न दिवाणी न्यायालयाबरोबर फौजदारी कलमातही सोडवला गेला. १८४७ चा कंपनी सरकारचा कायदा, १९११ च्या ब्रिटिश कायद्याला येथे लागू करणारा १९१४ चा कायदा आणि मग स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा, असा हा क्रम आहे. पहिला कायदा करणारे सरकारच एक कंपनी होते, ही इतिहासाची गंमत सोडून देऊ. १९५७ च्या कायद्यातील कलम ६९ आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. अपराध कंपनीने केला असेल तर त्या वेळी कंपनीच्या व्यवहाराची सूत्रे ज्याच्या हाती होती आणि जो त्याबद्दल कंपनीला जबाबदार होता, अशी प्रत्येक व्यक्ती कंपनीबरोबर दोषी मानली जाते. अपराध आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व वाजवी दक्षता घेतली होती, हे त्या व्यक्तीने सिद्ध केले तर तिची सुटका होते. याच कलमाचा दुसरा भाग संचालक, व्यवस्थापक, चिटणीस अशा अधिकाऱ्यांची संमती, संगनमत किंवा निष्काळजीपणा यांनाही कक्षेत घेतो. कृत, कारित, अनुमोदित या तिन्ही पायऱ्या येथे उतरल्या आहेत. किंबहुना निष्काळजीपणाची चौथी पायरी जोडली आहे. स्पष्टीकरणात 'कंपनी' या शब्दात भागीदारी पेढीचाही अंतर्भाव करून भागीदाराला संचालक म्हटले आहे. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचे भागीदारही या व्याख्येत बसले असते.

या कलमातील अंतर्विरोध दृष्टिआड करता येणार नाही. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेला भंगच गुन्हा आहे. म्हणजे ज्ञान सिद्ध करणे ही फिर्यादी पक्षाची जबाबदारी. परंतु कलम ६९ सूत्रधाराच्या बाबतीत हा भार उलटवते आणि आपले अज्ञान सिद्ध करण्याचे काम त्याच्यावर सोपवते. ध्वनिफिती आणि चित्रफितींच्या चोरट्या व्यापाराच्या पार्श्वभूमीवर १९८४ मध्ये शिक्षा वाढविण्यात आली : कमीत कमी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो खटल्यात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे ठरविले. त्यामुळे निर्दोषत्व सिद्ध होण्याआधीच अटकेची टांगती तलवार संचालकावर राहते.

याचा तोल सांभाळणारी दुसरी धाराही आहे. धनादेश न वटण्याच्या गुन्ह्यासंबंधीच्या कायद्यात कलम ६९ शी जवळजवळ शब्दशः जुळणारी तरतूद आहे. तिचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एसएमएस फार्मास्युटिकल्स खटल्यात सांगितले, की केवळ संचालक असणे पुरेसे नाही. अपराधाच्या वेळी ती व्यक्ती व्यवहाराची सूत्रे सांभाळत होती असे फिर्यादीत स्पष्ट म्हटले पाहिजे. २०१२ च्या अनिता हाडा खटल्यात न्यायालयाने आणखी एक अट घातली : कंपनीला आरोपी न करता तिच्या अधिकाऱ्यावर खटला चालवता येणार नाही. मुखवट्यामागचा चेहरा शोधा, पण मुखवट्यालाही पिंजऱ्यात उभे करा, असा याचा अर्थ. २०२२ च्या जानेवारीत मुंबईत एका चित्रपटनिर्मात्याच्या तक्रारीवरून, न्यायालयाच्या आदेशाने, एका जागतिक कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यासह काही जणांवर स्वामित्वहक्क कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. समुद्रापार बसलेल्या प्रमुखाला येथल्या एका चित्रपटाच्या प्रक्षेपणाचा कर्ता म्हणायचे काय? नाट्यगृहातील वादकवृंदाचा १९२४ चा प्रश्न, मापे बदलून, पुन्हा उभा राहिला.

६

या इतिहासातून समीक्षेने काय घ्यावे? माझ्या मते एक विषमता. भारतीय कायद्यात चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा 'लेखक' म्हणजे निर्माता. निर्माता बहुधा कंपनी असते. आणि लेखकाचे फळ भोगताना त्या कंपनीला कोणी चेहरा विचारीत नाही. हक्काच्या वहीत कंपनीचे नाव पुरते. भंगाचा आरोप येताच मात्र माणसाचा शोध सुरू होतो. फुको यांनी सांगितलेल्या दोन बाजूंपैकी स्वामित्वाची बाजू निर्जीव नावाला सहज पेलते, अपराधाची पेलत नाही. लेखकाच्या मृत्यूची भाषा पहिल्या बाजूला फारशी इजा न करता खपून गेली, याचे कारणही कदाचित हेच असेल.

ही केवळ तात्त्विक बाब नाही. हुकूमनामा मिळवूनही ज्या कंपनीविरुद्ध तो मिळाला तिच्या तिजोरीत काहीच नाही असे आढळले, तर कवीच्या किंवा संगीतकाराच्या हाती कागद उरतो; अशा वेळी संचालकाची व्यक्तिगत जबाबदारी हाच त्याचा एकमेव आधार असतो. उलट, ज्याने कधी एक प्रतही पाहिली नाही अशा नामधारी संचालकाला पदामुळे तुरुंगाचा उंबरठा दिसणे हा अन्यायच. २०२४ च्या ब्रिटिश निकालाने दुसऱ्या अन्यायाची काळजी घेताना पहिल्याकडे थोडी पाठ फिरवली. आपल्या कलम ६९ ने पहिल्याची काळजी घेताना दुसऱ्याला वाट करून दिली. मला योग्य वाटणारी विभागणी अशी : दिवाणी भरपाईसाठी 'करविले' हे पुरेसे मानावे, कारण लाभ घेणाऱ्याने हानी भरून देणे न्याय्य आहे, फौजदारी शिक्षेसाठी मात्र 'जाणून करविले' याहून कमी काही चालू नये, आणि ते सिद्ध करण्याचा भार शिक्षा मागणाऱ्यावर असावा.

संहितेच्या अर्थाचा उगम लेखकाच्या मनात शोधू नये, हे समीक्षेने आपल्याला शिकवले आणि ते योग्यच होते. पण अर्थाचा उगम आणि कृत्याचे उत्तरदायित्व या दोन गोष्टी एक नव्हेत. उत्तरदायित्व या शब्दाचा सरळ अर्थ 'विचारले असता उत्तर देण्यास बांधलेला असणे'. कंपनीला विचारता येते. उत्तर मात्र कोणा माणसालाच द्यावे लागते. तो माणूस कोण, हे ठरविण्याची रीत कायद्याला शंभर वर्षांत पुरती सापडलेली नाही. तरी तो प्रश्न त्याने सोडून दिलेला नाही, आणि 'संहिता म्हणते', 'व्यवस्था घडवते' अशा निनावी कर्त्यांची वाक्ये लिहिण्यास सरावलेल्या आपल्या समीक्षेने याची दखल घ्यायला हवी.